खाडा एकट्याचा नसतो

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत मोल्डिंगवरचा एक माणूस आला नाही, तर ते पहिल्या तासातच कळतं. भट्टीतलं लोखंड १४०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेलं असतं आणि ते कुणाची वाट बघत नाही. एसजी आयर्नचं, म्हणजे मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या ओतीव लोखंडाचं, काम असेल तर हातात वेळ आणखी कमी, कारण त्या मॅग्नेशियमचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरायला लागतो. तेवढ्यात साचे तयार नसले की ते लोखंड पुन्हा वितळवायची वेळ येते, आणि आलेल्या चौघांना पाच जणांचं काम ओढावं लागतं. पाळी सुटताना त्यांच्यातल्याच एकाला सुपरवायझर विचारतो, “डबल करतोस काय?” म्हणजे लागोपाठ दुसरीही पाळी.

म्हणून खाड्याचा राग मालकाच्या आधी सोबत्याला येतो. तो राग रास्त आहे. पण त्या रागातून जे निदान निघतं, ‘हल्लीच्या पोरांस्नी काम नको, नुसता पगार पायजे’, ते तपासून घ्यायला हवं. उद्यमनगरातल्या लेथपासून बँकेच्या काउंटरपर्यंत हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. गेल्या शंभरेक वर्षांचं संशोधन वाचलं की दिसतं ते असं: कामावर येणं आणि आल्यावर मन लावून राबणं हे माणसाच्या स्वभावाइतकंच तो ज्या गटात उभा आहे त्या गटावर अवलंबून असतं. कित्येकदा स्वभावापेक्षाही जास्त.

आधी ‘हल्लीच्या पोरां’विषयी. ॲडम मास्ट्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास छापला. साठ देशांतल्या सुमारे सत्तर वर्षांच्या जनमत चाचण्या त्यांनी चाळल्या. लोकांची नीतिमत्ता घसरत चालली आहे, असं प्रत्येक काळातले आणि बहुतेक सगळीकडचे लोक सांगत होते. पण ‘तुमच्या आजूबाजूची माणसं आज कशी वागतात?’ या प्रश्नाची उत्तरं वर्षानुवर्षं जवळपास तशीच होती. हा अभ्यास एकूण नीतिमत्तेचा होता, फक्त कामाचा नव्हे. कामाबद्दल कॅनडातले संशोधक गॅरी जॉन्स यांनी दाखवलेली गोष्ट जास्त बोचरी आहे: माणूस स्वतःचे खाडे मस्टरवरच्या नोंदीपेक्षा कमी सांगतो, आणि आपली हजेरी गटातल्या इतरांपेक्षा चांगली आहे असं मानतो. याचा अर्थ खाडे वाढलेले नसतात असा नाही. एखाद्या कारखान्यात ते खरोखर वाढलेले असतील. पण ते मस्टर सांगेल, आठवणीवर विसंबून कळणार नाही.

आता गटाकडे वळू. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात अंबाबाईचा रथ निघतो. दोराला शेकडो हात लागतात. त्यातला प्रत्येक हात पुरेपूर जोर लावत असेल का? नेमका हाच प्रश्न मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने १८८० च्या दशकात दोर ओढायला लावून तपासला आणि त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले. माणूस एकटा ओढतो तो जोर १०० धरला, तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाचा वाटा ९३ वर आला, तिघांत ८५ वर, आणि आठ जणांत ४९ वर. म्हणजे आठ माणसांनी मिळून जेमतेम चौघांचं काम केलं.

यात सगळाच आळस नव्हता. आठ जणांचे झटके एका क्षणी लागत नाहीत, त्यात काही जोर वाया जातो. किती जोर असा जातो आणि किती मनातूनच कमी लागतो, हे १९७४ मध्ये ॲलन इनगॅम यांच्या गटाने वेगळं करून दाखवलं. त्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं आणि मागे आणखी लोक ओढताहेत असं भासवलं. मागे प्रत्यक्षात कुणीच ओढत नव्हतं. तरीही जोर कमी झाला. १९७९ मध्ये बिब लॅटाने आणि सहकाऱ्यांनी दोराऐवजी ओरडणं आणि टाळ्या वाजवणं घेतलं, तेव्हाही तेच दिसलं. मग त्यांनी एक साधा बदल केला: प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं. ढिलेपणा जवळजवळ नाहीसा झाला. माणसं तीच होती, काम तेच होतं.

मला हा शेवटचा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. कामचुकारपणा रक्तात असता, तर मोजणी सुरू झाल्याबरोबर तो गेला नसता. माझ्या कष्टाचा माझ्या नावावर कुठेच माग राहत नाही, ही भावना हात ढिला करते. ज्या लाइनवर शिफ्टचा एकच आकडा फळ्यावर लागतो, तिथे राबणारा आणि टाळणारा दोघेही त्याच आकड्यात विरघळतात.

आणि मग ते पसरतं. शेजारचा काम टाळतोय आणि त्याचंही ओझं आपल्याच खांद्यावर येतंय असं दिसलं, की एरवी चांगलं काम करणारेही हात आखडता घेतात, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९८३ मध्ये प्रयोगातून दाखवलं. आपण मूर्ख ठरतोय ही भावना कुणालाच सोसत नाही.

खाड्याच्या बाबतीत याचा सर्वांत चोख पुरावा स्वीडनमधून आला. १९८८ च्या उत्तरार्धात गोथेनबर्ग शहरात आजारपणाच्या रजेचा नियम काही लोकांसाठी सैल केला. एरवी आठव्या दिवसापासून डॉक्टरचा दाखला लागायचा, तो त्यांना पंधराव्या दिवसापासून लागणार होता. सवलत कुणाला, हे जन्मतारखेवर ठरलं: सम तारखेला जन्मलेल्यांना मिळाली, विषम तारखेवाल्यांना नाही. सवलतवाल्यांच्या रजा लांबल्या, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांना सवलत नव्हती त्यांच्याही रजा वाढल्या, आणि ज्या कामाच्या जागी सवलतवाले जास्त, तिथे अधिक वाढल्या. जन्मतारखेवरून कुणी आळशी किंवा कष्टाळू ठरत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या गैरहजेरीचाच हा परिणाम होता, असं म्हणायला जागा आहे.

आपल्याकडच्या परिस्थितीला सर्वांत जवळचा प्रयोग मात्र ओडिशात झाला. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी दोर, झाडू, उदबत्त्या, पत्रावळी असं काम करणाऱ्या मजुरांच्या छोट्या तुकड्या केल्या. काही तुकड्यांत सगळ्यांना सारखी रोजंदारी दिली, काहींत कमी-जास्त. तेवढीच मजुरी घेणारे दोन मजूर, पण एकाच्या शेजाऱ्याला जास्त मिळतंय, दुसऱ्याच्या नाही. जिथे शेजाऱ्याला जास्त मिळत होतं, तिथे मजुराचं काम तर घटलंच, शिवाय हजेरी १८ टक्के बिंदूंनी खाली आली. खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडत होती, तरीही. २०१८ मध्ये छापलेल्या या अभ्यासातली पुढची ओळ आणखी मोलाची आहे: जास्त मजुरीवाला खरंच जास्त काम करतो हे जिथे डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं, तिथे हजेरीवर काहीच परिणाम झाला नाही. फरकाला कारण दिसत नव्हतं, तिथेच माणसं घरी बसली.

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत एकाच लाइनवर कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ पोरगा शेजारी शेजारी उभे असतात. तिघांच्या हातात तेच काम, पगाराच्या चिठ्ठ्या वेगळ्या. त्यातला कंत्राटी माणूस वारंवार खाडे करतो म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी हा प्रयोग आठवायला हवा.

शरीराचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो विसरता येणार नाही. ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या कारखान्यांचा अभ्यास केला. तापमान एक अंशाने वाढलं की वार्षिक उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं, आणि सलग उष्णता राहिली की खाडे वाढतात, असं त्यांना आढळलं. कारखाना गार ठेवला तर काम सावरतं, खाडे मात्र तितके सावरत नाहीत, कारण माणूस रात्र तापलेल्या पत्र्याखालीच काढतो. एप्रिल-मेमध्ये फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, उभं राहणाऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आणि आपला कामगार बऱ्याचदा शेतकरीही असतो. उसाला पाण्याची पाळी रात्री आली की सकाळची शिफ्ट अवघड होते.

मग करायचं काय? बहुतेक ठिकाणी पहिली कल्पना हजेरी बक्षिसाची असते. अमेरिकेतल्या औद्योगिक धुलाई कारखान्यांवरचा २०१६ चा एक अभ्यास इथे सावध करतो. तिथे एका कारखान्यात पूर्ण हजेरीला बक्षीस सुरू झालं, आणि जे मुळातच वेळेवर येत होते त्यांचीच कामाची गती घटली. इतकी वर्षं आपण आपणहून येत होतो त्याची कुणी दखल घेतली नाही, आणि आता इतरांना यायला पैसे मिळतात, असं त्यांना वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

त्याउलट सुपरमार्केटमधल्या कॅशियर्सवरचा २००९ चा अभ्यास आहे. अलेक्झांद्र मास आणि एन्रिको मोरेट्टी यांना दिसलं, की पाळीवर चपळ सहकारी आला की बाकीच्यांचाही वेग वाढतो, पण केव्हा? तो सहकारी ज्यांना पाहू शकतो, त्यांचाच. नजर फक्त साहेबाचीच नव्हे, सोबत्याचीही काम करते.

तेव्हा फौंड्रीत फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे साच्यांचा आकडा लिहा, आणि खाड्याच्या दिवशी जादा ओझं कुणी उचललं तेही नावानिशी लिहा. डबल दर वेळी त्याच होतकरू पोराच्या माथी मारू नका, ती फिरती ठेवा. पण तेच काम करणाऱ्या दोघांना जिथे दोन पगार आहेत, तिथे हा फळा उलट बोलेल. कंत्राटी माणसाचा आकडा कायमवाल्याच्या बरोबरीने रोज वर लागेल आणि पगारातला फरक सगळ्यांच्या डोळ्यांत खुपेल. तिथे आधी पगाराचं पत्रक दुरुस्त करावं लागेल, फळा नंतर लावावा.