जुनी पत्रं लॅमिनेट करू नका

गेल्या महिन्यात शेजारचे मामा मोठ्या आनंदानं एक पत्र दाखवायला घेऊन आले. त्यांचे वडील सोलापुरात गिरणीत होते, तेव्हा १९४० च्या दशकात त्यांनी गावी धाडलेलं. पत्र चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद. "लॅमिनेट करून आणलंय, आता शंभर वर्षं बघायला नको," मामा म्हणाले. उरलेली चाळीसेक पत्रंही दुसऱ्या दिवशी दुकानात द्यायची होती. मी त्यांना थांबवलं. हा गैरसमज घरोघरी आहे, जन्मपत्रिकेपासून खरेदीखतापर्यंत सगळं लॅमिनेट होतंय, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

कागदाचा शत्रू म्हटलं की वाळवी, कसर आणि छतातून गळणारं पाणी आठवतं. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून इथे कागद टिकतो, असंही लोक म्हणतात. पण विसाव्या शतकातल्या बऱ्याचशा कागदांचा मोठा शत्रू कागद तयार होतानाच त्यांच्या पोटात शिरलेला असतो.

सोलापूरकराला हे समजायला घरातली चादर पुरेशी आहे. चादरीचं सुती सूत आणि कागदाचा तंतू, दोन्ही एकाच रेणूचे बनलेले असतात: सेल्युलोज. ग्लुकोजचे शेकडो, हजारो मणी एका माळेत ओवले की सेल्युलोज होतं. दोन मण्यांच्या मध्ये ऑक्सिजनचा एकेक अणू पुलासारखा उभा असतो. पूर्वी कागद चिंध्यांपासून व्हायचा, तेव्हा या माळा लांब असत. पुढे लाकडाचा लगदा आला, माळा आखूड झाल्या. त्याचबरोबर शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ आणि ॲल्युमिनियम सल्फेट घालायची पद्धत रुळली. १८०७ मध्ये जर्मनीच्या मोरित्झ इलिगनं ती मांडली होती. ॲल्युमिनियम सल्फेट ही आपल्या तुरटीची बहीणच. पाण्याशी गाठ पडली की ती आम्ल तयार करते.

आता माझ्या आवडीचा भाग. आम्लातला हायड्रोजन आयन, म्हणजे नुसता प्रोटॉन, त्या ऑक्सिजनच्या पुलावर जाऊन बसतो. ऑक्सिजनवर धनभार आल्यानं पुलाचा एक बंध कमकुवत होतो आणि तुटतो. तुटलेल्या बाजूच्या कार्बनला पाण्याचा रेणू येऊन चिकटतो, माळेचे दोन तुकडे कायमचे वेगळे होतात. याला जलअपघटन म्हणतात. खरी गंमत शेवटच्या पायरीत आहे: काम झाल्यावर प्रोटॉन पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या पुलाकडे निघतो. खर्च होतं ते पाणी. प्रोटॉन फक्त उत्प्रेरक, तो संपतच नाही. शिवाय तुटक्या माळांतून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लासारखी नवी आम्लं तयार होतात, म्हणजे पूल कापणाऱ्या या कात्र्या वाढत जातात. सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) एक अंकानं खाली आला की त्या दहापट झालेल्या असतात.

हिशेब करून बघा. हजार मण्यांच्या माळेत ९९९ पूल. त्यातले फक्त ४ तुटले, तर सरासरी दोनशे मण्यांचे पाच तुकडे होतात. अर्धा टक्काही पूल गेले नाहीत, आणि लांबी पाचपटीनं घटली! साधारण एवढ्या लांबीला आलेला कागद घडी सोसत नाही. चादरीचं सूत जागोजाग कापलं तर वजन तेच, नक्षी तीच, पण झटकली की फाटणार. कागदाचंही तसंच. अक्षरं स्वच्छ दिसतात, कोपरा दुमडला की कडकन तुटतो. (पिवळेपणा वेगळा. तो मुख्यतः लाकडातल्या लिग्निनमुळे येतो. कागद पिवळा नसला तरी कमजोर असू शकतो.)

लॅमिनेशनमध्ये काय होतं? तापलेला प्लास्टिकचा गोंद तंतूंमध्ये उतरतो, नंतर तो सहज निघत नाही. आणि आत तयार झालेली आम्लं बाहेर पडू शकत नाहीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रयोगांत प्लास्टिकमध्ये कडा बंद करून ठेवलेला आम्लयुक्त कागद उघड्या कागदापेक्षा लवकर खराब झालेला दिसला.

उपाय शाळेच्या प्रयोगशाळेतलाच आहे. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधी होते, हे आपण सातवी-आठवीत पाहिलंय. ते दूध म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी असेच कॅल्शियमचे द्राव कागदाला दिले. निवळी आम्ल मारते, आणि तंतूंमध्ये उरलेलं कार्बोनेट पुढे होणाऱ्या आम्लासाठी राखीव शिबंदी म्हणून बसतं. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात अशी किमान २ टक्के कार्बोनेटएवढी शिबंदी मागितली आहे. पण घरी हा प्रयोग करू नका, शाई वाहून जाईल. ते प्रशिक्षित संवर्धकाचं काम.

घरी करायचं ते तापमानाचं. तापमान ५ अंशांनी वाढलं की ही झीज ढोबळमानानं दुप्पट होते. मग २७ अंशांपेक्षा ४२ अंशांना आठपट. कोरड्या हवेत कागदातलं पाणी घटतं, तेवढा वेग खाली येतो, पण सगळं पाणी कधीच जात नाही. म्हणजे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावरची ट्रंक ही सोलापुरातली सगळ्यांत वाईट जागा. धाब्याच्या घराची मधली खोली कितीतरी बरी. पोथीत मोरपीस किंवा सापाची कात ठेवून काहीही होत नाही. कडुलिंबाची ओली पानं तर उलट ओलावा आणतात.

"स्कॅन केलं की मूळ कागद टाकून द्या" हा सल्लाही तितकाच घातक. नक्कल हवीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरच्या धवला आणि जयधवला या जैन ग्रंथांच्या नकला करून घ्यायला पुढाकार घेतला, म्हणून ते पुढे छापले गेले. पण ताडपत्रं कुणी फेकली नाहीत. शाई, हस्ताक्षर, दुरुस्त्या, समासातल्या खुणा, हे सगळं मूळ प्रतीतच नीट वाचता येतं. विद्यापीठातल्या संशोधकांच्या वह्या आणि सर्वेक्षणाचे फॉर्म यांनाही हेच लागू. त्यांच्या स्टेपलच्या पिना आधी काढा, कारण गंजातलं लोह तंतू खातं. आणि झेरॉक्स पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, टोनर प्लास्टिकला चिकटून येतो.

मामांचं ते एक पत्र आता सोडवता येणार नाही. त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले. बाकीच्या पत्रांच्या घड्या हलक्या हातानं उलगडल्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घातली आणि तळमजल्यावरच्या आतल्या कपाटात ठेवली. एका पत्रात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. ते बाजूला केलं, तर खालच्या पत्रावर बरोबर त्याच मापाचा तपकिरी चौकोन उमटलेला होता. कात्रणातलं आम्ल पत्रात उतरलं होतं. मामा बराच वेळ त्या चौकोनावरून बोट फिरवत राहिले. त्याच्या आत त्यांच्या वडिलांची सही होती.