पीआर टिकवणं (गावाकडं जास्त दिवस राहिल्यावर)

पीआर म्हणजे दुसऱ्या देशात कायमचं राहायची परवानगी. हे नागरिकत्व नाही, पासपोर्ट भारताचाच राहतो, पण तिथं राहायला आणि नोकरी-धंदा करायला मोकळीक मिळते. अमेरिकेत ह्यालाच ग्रीन कार्ड म्हणतात. नावात 'कायमचं' आहे, पण ते तिथं राहणाऱ्यासाठी, कार्ड कपाटात ठेवून माणूस गावाकडंच राहिला तर ते हातचं जाऊ शकतं. आणि गंमत बघा, तिकडचा ऑफिसर विचारतो 'परदेशात किती दिवस होतात', तेव्हा त्याच्या हिशोबानं परदेश म्हणजे आपलं परभणी, लातूर नायतर अंबाजोगाई.

मराठवाड्यात हा प्रश्न तरण्या पोरांपेक्षा त्यांच्या आई-वडिलांना जास्त पडतो. पोरगं लातूर पॅटर्नमधून बारावी होतं, नांदेड नायतर संभाजीनगरला इंजिनिअरिंग करतं, मग तिकडं एमएस, नोकरी, आणि बऱ्याच वर्षांनी अमेरिकन सिटिझन. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या सिटिझनलाच आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो, स्वतःकडं नुसतं ग्रीन कार्ड असलं तर येत नाही. आई-वडिलांच्या ह्या अर्जाला वर्षाला ठराविक कोटा नाही, त्यामुळं भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही, म्हणून पोरं हौसेनं अर्ज टाकून देतात आणि पुढं काय पाळावं लागतं ते कुणी नीट सांगत नाही.

गैरहजेरी कशी वाढत जाते

कुणी ठरवून वर्षभर थांबत नाही. दादा (म्हणजे पोराचे वडील) म्हणतात, पेरणीपुरतं जाऊन येतो. जूनला येतात. पाऊस लांबतो, दुबार पेरणी होते. मग सोयाबीन काढूनच जाऊ म्हणतात, ते दसरा-दिवाळीच्या आसपास निघतं. दिवाळीला कशाला जायचं, दिवाळी करूनच जाऊ. तोवर तूर उभी असते, ती डिसेंबर-जानेवारीत येते, हुरड्याला पाहुणे येतात, मग हरभरा, आणि हरभरा निघेपर्यंत पुतण्याच्या लग्नाची तारीख निघालेली असते. तिकडून पोरगा फोनवर ओरडतो आणि इकडून उत्तर, "आता जायलोतच की आम्ही." पण एकेक पीक निघता निघता सहा महिने कधीच उलटलेले असतात आणि वर्ष भरत आलेलं असतं.

अमेरिकेचा नियम

आपल्याकडं एक ठोकताळा फिरतो की सहा महिन्यातून एकदा जाऊन शिक्का मारून आलं की कार्ड पक्कं. हे अर्धवट खरं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ह्याच ठोकताळ्यानं होतं. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर परत येताना तुम्ही नव्यानं प्रवेश मागताय असं कायदा धरतो, म्हणजे चौकशी वाढते. सलग एक वर्ष झालं की नुसत्या कार्डावर आत येता येत नाही. पण ह्या दोन्ही रेषांच्या आत राहिलात तरी खरा प्रश्न हाच असतो की तुमचं घर कुठंय, आणि इकडचं राहणं तात्पुरतं होतं का. दर वर्षी दोन आठवडे अमेरिकेत आणि बाकी सगळं गावात असं चार वर्षं केलेल्या माणसाला ऑफिसर म्हणू शकतो, तुम्ही इथं राहत नाही, पाहुणे म्हणून येता. उलट आठ महिने राहिलेला पण तिकडं घर, बँक खातं, विमा, टॅक्स सगळं चालू असलेला आणि दवाखान्याची फाईल सोबत आणलेला माणूस बऱ्याचदा निभावून जातो.

जुन्या माणसांना हे समजावून सांगायचं तर मुलकीचं उदाहरण द्यावं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाडा होता तेव्हा सरकारी नोकरीला मुलकी, म्हणजे संस्थानचाच रहिवासी, असावं लागायचं, आणि बाहेरून आलेल्याला मुलकी ठरायला १५ वर्षं कायमचा रहिवास तर लागायचाच, शिवाय मूळ ठिकाणी परत जायचा विचार सोडलाय असं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागायचं. तिथंसुद्धा नुसते दिवस मोजून भागत नव्हतं, मन कुठंय ते विचारत होते.

आधी करायची सोय

वर्षाच्या वर राहावं लागणार हे आधी कळलं तर री-एंट्री परमिट काढतात, फॉर्म आय-१३१. अर्ज करताना माणूस अमेरिकेतच हजर पाहिजे, गावातून करता येत नाही, आणि बोटांचे ठसे सहसा तिथंच द्यावे लागतात, ते देऊन निघालं की परमिट पुढं भारतात वकिलातीतून घेता येतं. साधारण दोन वर्षांचं मिळतं, त्याला मुदतवाढ नाही, परत तिकडं जाऊन नवा अर्ज. मागच्या पाच वर्षांतली चारपेक्षा जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर साधारण एकाच वर्षाचं देतात. आणि परमिट आहे म्हणजे स्टेटसची (कायम रहिवासी असण्याची) गॅरंटी आहे असंही नाही, फक्त एवढंच की निव्वळ मुदत जास्त झाली म्हणून अडवत नाहीत.

टॅक्सचं मात्र कुणीच सांगत नाही. शेतीचं उत्पन्न भारतात इन्कम टॅक्समधून माफ आहे, पण ग्रीन कार्डवाल्याला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमधे दाखवावं लागतं, म्हणजे सोयाबीन विकल्याची पट्टीसुद्धा. भारतातली सगळी खाती आणि एफडी मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा रिपोर्ट भरायचा. कुणीतरी टॅक्स वाचवायला 'नॉन-रेसिडेंट' म्हणून रिटर्न भरायचा सल्ला देतो. तो ऐकू नये, कारण मी इथला रहिवासी नाही असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं.

वर्ष उलटून गेलं तर

परमिट नाही आणि वर्ष उलटलं तर रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा, ज्याला एसबी-१ म्हणतात, त्याचा अर्ज करायचा. आपल्या लोकांना त्यासाठी मुंबईची वकिलात, बीकेसीत. तीन गोष्टी दाखवायच्या: निघताना स्टेटस चालू होतं, परत यायचा इरादा होता आणि तो कायम होता, आणि लांबलेला मुक्काम आपल्या हातात नव्हता. मार्च २०२० मधे आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली हे तसलं कारण होतं, पण मधे खास विमानं सुरू झाल्यावरही दोन-दोन वर्षं थांबलेल्यांना ते कारण पटवून देणं अवघड गेलं असणार. मोठं ऑपरेशन, अपघात, हेही चालू शकतं, कागद पाहिजेत. तूर काढायची होती हे चालत नाही. एसबी-१ मंजूर झाला तरी मेडिकल आणि इमिग्रंट व्हिसाची प्रक्रिया परत करावी लागते. तो नाकारला तर पोराकडून पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

विमानतळावर अडवलं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. काउंटरवरचा ऑफिसर आय-४०७ नावाचा फॉर्म पुढं करू शकतो, तो म्हणजे 'मी माझ्या मर्जीनं ग्रीन कार्ड सोडतोय'. त्यावर सही करायची सक्ती नाही. सही न करणाऱ्याला इमिग्रेशन जजपुढं बाजू मांडता येते, आणि स्टेटस सोडलंय हे तिथं सरकारनं सिद्ध करायचं असतं. आपली म्हातारी माणसं लांबच्या प्रवासानं थकलेली असतात, इंग्रजी कळत नाही, साहेबानं कागद दिला की सही ठोकायची सवय तलाठ्यापासून लागलेली.

हाच फॉर्म विचार करून भरणारेही आहेत, आणि त्यात काही कमीपणा नाही. ज्यांना वर्षातले तीन-चार महिनेच नातवंडांत राहायचंय त्यांना टुरिस्ट व्हिसा जास्त सोयीचा, तो भारतीयांना बऱ्याचदा दहा वर्षांचा मिळतो. कार्ड धरून ठेवायचं सबळ कारण म्हणजे मेडिकेअर (अमेरिकन सरकारचा म्हाताऱ्या माणसांसाठीचा आरोग्य विमा), ६५ च्या वरच्या माणसाला सलग पाच वर्षं तिथं राहिल्यावर पैसे भरून ते घेता येतं. पण सलग राहायचीच तयारी नसेल तर त्याचा काय उपयोग.

इतर देश

कॅनडाचं काम रोखठोक. कुठल्याही पाच वर्षांत ७३० दिवस तिथं भरले पाहिजेत, सलग नसले तरी चालतात. कॅनडाचा नागरिक असलेल्या नवरा किंवा बायकोसोबत बाहेर काढलेले दिवसही धरतात. कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर संपत नाही, पण भारतातून विमानात बसायला प्रवासाचं वेगळं कागदपत्र लागतं, आणि ते नाकारलं तर ६० दिवसांत अपील. ऑस्ट्रेलियात पीआर राहतो, पण ये-जा करायची सोय सुरुवातीला पाच वर्षांचीच, नंतर रिटर्न व्हिसा घ्यायचा. ब्रिटनमधे सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की कायम राहायची परवानगी आपोआप जाते. दुबईवाल्यांचा प्रश्न वेगळाच, तिथला साधा रेसिडेन्स व्हिसा सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सहसा रद्द होतो, पण तो पीआर नव्हेच.

नागरिकत्व आणि सातबारा

ये-जा करायची कटकट कायमची मिटवायची तर नागरिकत्व घ्यायचं. अमेरिकेत त्यासाठी साधारण पाच वर्षं रहिवास, त्यात ३० महिने प्रत्यक्ष हजेरी, आणि सहा महिन्यांवरची एकेक खेप ह्या हिशोबात खोडा घालते, री-एंट्री परमिट असलं तरी. नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात ये-जा करायला मिळणारं कार्ड. ओसीआयवाल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली मात्र ठेवता येते. बरेच दादा इथंच अडून बसतात, कारण बांधाला लागून असलेलं भावकीतलं दोन एकर कधीतरी विकायला निघेल ह्या आशेवर ते वीस वर्षं बसलेले असतात.