कावासाकी मोटारसायकली

जपानमधील चार मोठ्या मोटारसायकल उत्पादकांपैकी कावासाकी एक. होंडा, यामाहा आणि सुझुकी हे बाकीचे तीन. कावासाकीचे मूळ जहाजबांधणीत आहे. कावासाकी शोझो यांनी १८७८ मध्ये टोकियोच्या त्सुकिजी भागात जहाजे बांधण्याचा कारखाना काढला. पुढे उद्योगाचा मुक्काम कोबेला हलला आणि जहाजांच्या जोडीला रेल्वेचे डबे व विमानेही तयार होऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये विमाननिर्मितीवर बंदी आली. तेव्हा कावासाकीच्या विमान विभागातील अभियंते मोटारसायकलच्या इंजिनांकडे वळले. सुरुवातीला ही इंजिने इतरांच्या गाड्यांना बसत. १९६३ मध्ये ह्योगो प्रांतातल्या आओनो येथील मोटोक्रॉस शर्यतीत, म्हणजे कच्च्या, खडबडीत वाटेवरच्या शर्यतीत, कावासाकीच्या स्वतःच्या १२५ सीसीच्या बी८ गाड्यांनी पहिले सहाही क्रमांक पटकावले आणि कंपनीला आपल्या गाड्यांचा भरवसा आला.

मात्र कावासाकीला मोठ्या इंजिनांची वाट दाखवली ती मेगुरोने. १९२४ मध्ये स्थापन झालेली ही जुनी कंपनी ५०० सीसीच्या गाड्यांसाठी नावाजलेली होती. १९६० मध्ये दोघींत सहकार्याचा करार झाला आणि काही वर्षांतच मेगुरो कावासाकीत विलीन झाली. तिच्याच गाडीवरून १९६६ ची ६२४ सीसी डब्ल्यू१ घडली. जपानमध्ये त्या वेळी एवढ्या क्षमतेची दुसरी गाडी बनत नव्हती. कावासाकीच्या इतिहासात मेगुरोचा उल्लेख अनेकदा एका ओळीत उरकला जातो, तो अन्याय आहे.

१९६९ ची एच१ म्हणजे तीन सिलिंडरांची ५०० सीसी टू-स्ट्रोक. तिच्या ६० अश्वशक्तीपुढे चौकट आणि ब्रेक तोकडे पडत, तरी सरळ रस्त्यावर तिचा वेग थक्क करणारा होता. त्याच सुमारास कावासाकी चार सिलिंडरांच्या ७५० सीसी गाडीवर काम करत होती. पण १९६८ च्या टोकियो प्रदर्शनात होंडाने तशीच सीबी७५० पुढे आणली. कावासाकीने घाई केली नाही; इंजिन वाढवून १९७२ मध्ये ९०३ सीसीची झेड१ बाजारात उतरवली. दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे, इंजिनाच्या माथ्यावरचे दांडे) आणि ८२ अश्वशक्ती असलेली ही गाडी कंपनीची सर्वांत महत्त्वाची निर्मिती मानावी लागेल. १९८४ च्या जीपीझेड९००आर गाडीत पाण्याने थंड होणारे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आले. ‘निन्जा’ हे नाव अमेरिकेत याच गाडीपासून रुजले. शर्यतीतला पोपटी हिरवा रंग तर कंपनीची ओळखच झाला. २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षे जोनाथन रे याने कावासाकीवर सुपरबाइक विश्वविजेतेपद मिळवले.

भारतात कावासाकी आली ती पुण्याच्या बजाज ऑटोबरोबर. १९८६ ची केबी१००, नंतर फोर-एस, बॉक्सर आणि कॅलिबर या गाड्यांनी स्कूटरसाठी ओळखल्या जाणाऱ्या बजाजला मोटारसायकलींच्या बाजारात उभे केले. पुढे निन्जा गाड्यांची जुळणी चाकणला होऊ लागली. विक्री व सेवेतील ही भागीदारी एप्रिल २०१७ मध्ये संपली आणि तेव्हापासून कावासाकीची भारतीय शाखा हे काम स्वतंत्रपणे पाहते.