डिजिटल मल्टीमीटरचं रीडिंग चुकणं आणि त्याची दुरुस्ती

हातात मावणारा डिजिटल मल्टीमीटर व्होल्ट, ओहम किंवा करंट खऱ्यापेक्षा कमी-जास्त दाखवायला लागला तर कारण बहुतेक वेळा घरीच सापडतं. फक्त कुठल्या रेंजला किती फरक पडतोय ते आधी कागदावर लिहून काढायचं आणि मगच मीटर खोलायचा. ही नोंद मुख्यतः डीटी-८३० जातीच्या स्वस्त मीटरबद्दल आहे, जो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतो आणि आयटीआयच्या बऱ्याच पोरांचा पहिला मीटर असतो.

आधी मीटर खरंच चुकतोय का ते बघा. एसी रेंजची अचूकता १.२ टक्के अधिक १० डिजिट (म्हणजे शेवटच्या अंकात १० चा फरक, या रेंजला १० व्होल्ट) अशी दिली असेल तर २३० व्होल्टला साधारण १३ व्होल्टचा फरक नियमातच बसतो, म्हणजे २१८ दिसलं काय नि २४२ दिसलं काय, मीटर बिघडला असं म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे या मीटरचा इनपुट रेझिस्टन्स (मीटर स्वतः सर्किटला जो रेझिस्टन्स लावतो तो) १ मेगओहमच असतो, त्यामुळे १ मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून १० व्होल्ट दिले तर एकावर ५ च्या जागी ३.३३ दिसतात, १० मेगओहमवाला मीटर तिथेच ४.७६ दाखवतो. आणि जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रू आरएमएस (कुठल्याही आकाराच्या लहरीचं खरं व्होल्टेज मोजणं) नसलेला साधा सरासरीवाला मीटर ११ टक्के जास्तच दाखवणार, त्यात मीटरचा दोष नाही.

मग बॅटरी. या मीटरमध्ये ७१०६ जातीची चिप असते, स्वस्त मीटरमध्ये ती काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली दिसते, आणि ती आत आलेलं व्होल्टेज १०० मिलिव्होल्टच्या रेफरन्सशी (तुलनेसाठी ठरवलेल्या व्होल्टेजशी) ताडून आकडा काढते. ९ व्होल्टची बॅटरी साधारण ७ च्या खाली उतरली की रेफरन्सच खाली घसरतो, त्यामुळे भागाकार मोठा येतो आणि सगळे व्होल्ट जास्त दिसायला लागतात. म्हणजे मरत्या बॅटरीचा मीटर कमी नाही, जास्त दाखवतो! कित्येक जण इथेच फसून चांगल्या पॉवर सप्लायला नावं ठेवतात.

नवी बॅटरी घालूनही फरक राहिला तर कागदावरचे आकडे कामाला येतात. डीसी व्होल्टच्या सगळ्या रेंज एकाच टक्क्याने चुकतात पण ओहम बरोबर, तर रेफरन्स हलला, कारण ओहम मोजताना चिप ओळखीच्या रेझिस्टरशी थेट तुलना करते, तिथे हा रेफरन्स लागतच नाही. एखादीच व्होल्ट रेंज चुकत असेल तर डिव्हायडरमधल्या (व्होल्टेज वाटून कमी करणाऱ्या साखळीतल्या) रेझिस्टरची किंमत सरकलीय किंवा त्या जागी स्विचचा कॉन्टॅक्ट नीट लागत नाहीये. ओहमच्या खालच्या रेंज वेड्यासारखं दाखवतात, तर कुणीतरी ओहमवर ठेवून मेन्सला प्रोब लावलेत, जळकी खूण बोर्डावर शोधा. डिस्प्लेचे तुकडे गायब असतील तर काच आणि बोर्डामधली झेब्रा पट्टी (दोघांना जोडणारी रबरी पट्टी) पुसून परत बसवा.

खोलण्याआधी प्रोब काढून ठेवा, ही गोष्ट कधीच टाळू नका. नॉब सावकाश उचला, त्यात दोन छोट्या स्टीलच्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात, त्या उडून कॉटखाली गेल्या की नॉब परत टकटक करत बसत नाही. बोर्डावरचे गोल तांब्याचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नॉबखालचे पितळी कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर तेही. न धुतलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा उरलेला चिकटा) पावसाळ्यात ओल धरतो आणि मग प्रोब एकमेकांना टेकवले तरी २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर आकडे नाचत राहतात, कोकणात तर हे फारच. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत बॅटरी लावू नका.

एवढं सगळं करूनच ट्रिमरला (बोर्डावरच्या, स्क्रूने फिरवून रेफरन्स जुळवायच्या छोट्या रेझिस्टरला) हात लावायचा. एडी५८४ रेफरन्सचं, म्हणजे ठरलेलं व्होल्टेज देणारं, छोटं मॉड्यूल मिळतं, त्यातले १० व्होल्ट २० च्या रेंजवर घ्या आणि १०.०० येईपर्यंत अगदी केसभर फिरवा, मॉड्यूलवर मोजलेला आकडा लिहिलेला असेल तर त्यालाच जुळवा. नवा पेन्सिल सेल रेफरन्स म्हणून वापरू नका, तो १.५ नाही, १.६ च्या आसपास असतो.

करंट मोजतच नसेल तर फ्यूज गेलाय, त्याच रेटिंगचा घाला, तार गुंडाळून चालवू नका, त्यात हात जळतात आणि जीवही जातो. १० अँपिअरच्या जागी बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच नसतो, फक्त जाड तारेचा शंट (करंट मोजायचा अगदी छोटा रेझिस्टर) असतो, म्हणून ते भोक मेन्सला अजिबात लावायचं नाही.

नाशिकच्या मोटवाने किंवा रिषभसारख्या कंपन्यांचे वरच्या दर्जाचे मीटर असतील तर ट्रिमर शोधत बसू नका, अशा कित्येक मीटरमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे मेमरीत साठवलेले असतात आणि ते बदलायला खात्रीचा कॅलिब्रेटर लागतो, ते काम एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबकडे द्यायचं.