चिडकं पोलाद

रामटेकला जाताना आपण मनसरला वळतो. तिथल्या जमिनीतून मँगनीजचं काळं खनिज निघतं. ते काढणाऱ्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच आहे. मँगनीजचा मोठा वाटा पोलादात जातो. साध्या पोलादाला ते जेमतेम एखादा टक्का पुरतं. १८८२ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने मात्र त्यात बारा-तेरा टक्के घातलं आणि कारखानदारांची चांगलीच पंचाईत केली.

पंचाईत अशी, की या पोलादाला सहजासहजी भोक पाडता येत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरने मला ते नेमकं सांगितलं: “याले जितकं घासाल, तितकं हे चिडते.” ड्रिल क्षणभर जरी नुसतं घासलं गेलं, तरी त्याखालचा थर दाबाने घट्ट होतो आणि ड्रिलचंच टोक जळतं. ब्रिनेल मापाने दोनशेच्या आसपास असलेला कठीणपणा मार खाऊन पाचशेपर्यंत चढतो, तोही फक्त वरच्या थरात. आतला गाभा चिवटच राहतो.

म्हणून इथे आकार आधीच द्यावा लागतो, ओतकामाने. थंड होताना हे पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे पॅटर्नही, म्हणजे ज्यावरून साचा बनवतात तो नमुना, त्या हिशेबाने मोठा करतात. साच्याची वाळूसुद्धा नेहमीची चालत नाही. तापलेल्या मँगनीजचं ऑक्साइड सिलिकाशी जुळतं आणि वाळू पृष्ठभागाला चिकटून बसते. मग ऑलिव्हिनसारखी वेगळी वाळू आणतात. उरलंसुरलं काम ग्राइंडरवर.

पण खरी गंमत पुढेच आहे. लोहार विळ्याला पाणी देतो ते धार कडक व्हावी म्हणून. इथे उलटं घडतं. साच्यात सावकाश थंड झालेल्या तुकड्यात धातूच्या कणांच्या सीमांवर कार्बाइड, म्हणजे कार्बनचं ठिसूळ संयुग, साचलेलं असतं आणि तो घणाच्या घावाने तडकू शकतो. त्याला पुन्हा हजार-अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की कार्बन विरघळतो. लगेच पाण्यात टाकला की त्या कार्बनला परत बाहेर पडायला सवडच मिळत नाही. पाणी दिल्यावर हे पोलाद चिवट होतं. लोहाराला हे सांगितलं तर तो हसेल.

असा चिवट, मार खाऊन कडक होणारा धातू रेल्वेला हवाच होता. नागपूरचं डायमंड क्रॉसिंग सगळ्यांना ठाऊक आहे. एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकासाठी फट ठेवावी लागते आणि प्रत्येक चाक त्या फटीवरून आदळत जातं. सांध्यांवरच्या अशा जागी रेल्वे ओतीव मँगनीज पोलादाचे तुकडे वापरते, रेल्वेच्या भाषेत ‘सीएमएस क्रॉसिंग’. काही देशांत तर ते बसवण्याआधी त्यांच्यावर स्फोटकाचा पातळ थर पसरून उडवतात. गाड्यांनी जो मार हळूहळू द्यायचा, तो एका दणक्यात देऊन टाकायचा.

झिजलेला तुकडा शेवटी भंगारात जातो. तिथे तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एवढं लोखंड असूनही त्याला लोहचुंबक चिकटत नाही.