‘चंद्रकांता’ की ‘चंद्रकांता संतति’?

दूरदर्शनवर १९९४ साली मालिका आली तेव्हापासून मराठी घरांतही ‘चंद्रकांता’ म्हटलं की खलनायक क्रूरसिंहाचं ‘यक्कू’ आठवतं. पुस्तक घ्यायला गेलं की मात्र घोटाळा होतो. हिंदी लेखक देवकीनंदन खत्रींच्या दोन वेगळ्या कादंबऱ्यांची नावं सारखीच सुरू होतात. घाईत भलतीच घरी येते आणि दहा पानांत बंद होते.

दुकानात पहिलं पान उघडा. संध्याकाळची वेळ, ओसाड माळ, टेकडीखाली खडकावर वीरेंद्रसिंह आणि तेजसिंह बोलत बसलेत? मग ती ‘चंद्रकांता’. वीरेंद्रसिंह-चंद्रकांतेचं लग्न झाल्यापासूनच सुरुवात असेल, तर ती ‘संतति’. तूर्त ठेवून द्या.

खत्रींचा जन्म १८६१चा. चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेऊन त्यांनी तिथले पडके किल्ले, गुहा, दऱ्या पायाखाली घातल्या. ठेका सुटल्यावर, १८८८मध्ये ‘चंद्रकांता’ आली. भाग चारच. नौगढचा राजकुमार, विजयगढची राजकन्या, मध्ये क्रूरसिंह आणि चुनारचा शिवदत्त, गोष्ट सरळ. खरी मजा ऐयारांची, म्हणजे वेषांतरात पटाईत हेरांची. बटव्यात वेषांतराचं सामान, शुद्ध हरपवणारी भुकटी, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा, भिंत चढायला कमंद. शत्रूचा ऐयार हाती लागला तर त्याला मारायचं नाही, कैदेत टाकायचं, हा त्यांचा कायदा. म्हणूनच तीच मंडळी पुन्हा पुन्हा निसटून येतात. तिलिस्मातला, म्हणजे खजिना दडवलेल्या मायावी भुलभुलैयातला, माणूस गिळणारा दगडी बगळाही मंत्राने चालत नाही, त्यात कळ असते.

‘संतति’ १८९४पासून पुढे दहाएक वर्षं निघत राहिली. एव्हाना खत्रींचं नाव झालं होतं. १८९८मध्ये त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेसही काढला. भाग चोवीस, आज बहुधा चार-चार भागांचे सहा खंड मिळतात, म्हणून एकच जाडजूड पुस्तक ‘संपूर्ण संतति’ म्हणून विकत असतील तर आधी आतले भाग मोजा. नायक आता वीरेंद्रसिंहाचे मुलगे, इंद्रजीतसिंह आणि आनंदसिंह. शिवदत्तही आहे, पण इंद्रजीतचा जीव जडलाय त्याच्याच मुलीवर, किशोरीवर. जुनं वैर ठाऊक नसेल तर यातली गंमत निम्मी जाते. शिवाय इथे पात्रं नावं बदलतात, भूतकाळ दडवतात. भूतनाथ म्हणजेच गदाधरसिंह, अशा जोड्या कागदावर टिपून ठेवलेल्या बऱ्या. मधले काही भाग पाणी घातल्यासारखे वाटतात, तिथे भराभर पुढे सरकलात तरी चालेल. भूतनाथ आला की मात्र सावकाश वाचा. तो ना धड खलनायक, ना धड सज्जन, आणि खत्रींनी रंगवलेला सर्वांत जिवंत माणूस.

त्याच्यावरची ‘भूतनाथ’ ही तिसरी कादंबरीमालिका. तिचे सहा भाग लिहून झाले आणि १९१३मध्ये खत्री गेले. उरलेले त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी लिहून एकवीसपर्यंत नेले. त्यातला काळ ‘संतति’च्या आधीचा आहे, तरी वाचायची नंतरच, नाहीतर ‘संतति’तली रहस्यं आधीच फुटतात.