रबरी गोळी

रबरी गोळी ही जमाव पांगवण्यासाठी किंवा हिंसक व्यक्तीला रोखण्यासाठी झाडली जाणारी, शरीरात न घुसता जबर मुका मार देणारी गोळी होय. लाठी जिथे पोहोचत नाही आणि खरा गोळीबार करणे समर्थनीय ठरत नाही, अशा परिस्थितीसाठी ती घडवण्यात आली.

तिचे मूळ ब्रिटिश अमलाखालील हाँगकाँगमध्ये सापडते. तेथील पोलीस १९६०च्या दशकात सागवानी लाकडाचे दंडगोल बंदुकीतून जमिनीवर झाडत, म्हणजे ते उसळून दंगलखोरांच्या पायांवर आदळत. लाकडाच्या ढलप्या उडत असल्याने ब्रिटिश संरक्षण खात्याने रबराचा पर्याय शोधला आणि १९७० मध्ये तो उत्तर आयर्लंडमधील सैनिकांच्या हाती दिला. ही गोळी सुमारे १५ सेंटिमीटर लांब, जवळजवळ चार सेंटिमीटर जाड आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाची, काळ्या टणक रबराची होती. तीही जमिनीवर आपटवूनच मारायची होती. परंतु टप्पा पडल्यावर ती कोणत्या उंचीने आणि कोणत्या दिशेने जाईल हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नसे. शिवाय दगडफेकीच्या धुमश्चक्रीत सैनिक ती जवळून, सरळ अंगावरही झाडत. तेथील बेलफास्ट शहराच्या शल्यचिकित्सकांनी १९७५ मध्ये अशा ९० जखमींचा अहवाल प्रसिद्ध केला; त्यांतील एक जण दगावला होता, १७ जणांना कायमचे व्यंग आले होते आणि काहींची दृष्टी गेली होती. ही गोळी निरुपद्रवी असल्याचा सरकारी दावा खरे तर तेव्हाच निकालात निघायला हवा होता. प्रत्यक्षात रबराची जागा त्याच सुमारास पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या गोळीने घेतली आणि ती अधिक घातक ठरली: उत्तर आयर्लंडमध्ये रबरी गोळ्यांनी तीन, तर प्लॅस्टिकच्या गोळ्यांनी चौदा बळी घेतले. या सतरांपैकी आठ जण मुले होती.

पुढे हे नाव बऱ्याच वेगवेगळ्या वस्तूंना लागले. इस्रायली सैन्य वापरते त्या गोळ्यांत पोलादी गाभ्यावर रबराचा पातळ थर असतो, त्यामुळे जवळून लागल्यास त्या कवटीही भेदू शकतात. स्पेनमध्ये रबरी चेंडू वापरले जाऊ लागले. एका महिलेचा डोळा गेल्यानंतर उठलेल्या वादातून तेथील कॅटालोनिया प्रांताच्या पोलिसांना ते २०१४ पासून वर्ज्य झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी गोळी केवळ हिंसा करणाऱ्या व्यक्तीवर, तीही पोटाच्या खालच्या भागावर किंवा पायांवर नेम धरूनच मारावी. जमिनीवरून उसळवून मारण्याची मूळ पद्धत या सूचनांनी धोकादायक ठरवली आहे.

भारतात लाठीमार आणि अश्रुधूर यांनंतरचा उपाय म्हणून पोलीस रबरी व प्लॅस्टिकच्या गोळ्या वापरतात. काश्मीरमध्ये छर्ऱ्यांच्या बंदुकांनी अनेकांचे डोळे गेल्यावर पर्यायाचा शोध सुरू झाला आणि २०१७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाने एके-४७ रायफलीतून झाडता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या तेथे पाठवल्या. त्या पुण्याच्या आयुध निर्माणीत तयार झाल्या होत्या.

रस्त्यावरील जमावाखेरीज तुरुंगांतील दंगे शमवण्यासाठीही या गोळ्या वापरल्या जातात. उत्तर अमेरिकेत वन कर्मचारी वस्तीत शिरणाऱ्या अस्वलांच्या मांसल पुठ्ठ्यावर रबरी गोळी मारून त्यांच्या मनात माणसाची धास्ती बसवतात. डोके आणि पोट मात्र तेथेही कटाक्षाने टाळले जाते.